सागरतळाच्या शोधाचीं नवीं साधनें आणि मालवण-विजयदुर्गचा किनारा

इतिहाससंशोधकाची दृष्टि स्वाभाविकपणें दप्तरें, शिलालेख, नाणीं व पडक्या वास्तु यांकडे वळते. परंतु ज्या सत्तेच्या इतिहासाचा मोठा भाग समुद्रावर घडला, तिच्या इतिहासाचीं कांहीं साधनें समुद्रतळींच पडून असणार, हें उघड आहे. मराठी आरमाराची गोष्ट अशीच आहे. समुद्रतळाचा ठाव घेणारीं नवीं यंत्रें गेल्या कांहीं दशकांत हातीं आलीं आहेत. तीं काय सांगूं शकतात, कोठें फसतात, आणि त्यांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील दाखले घेऊन करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम यंत्रांची ओळख. प्रकाश पाण्यांत लवकर विरतो. रेडिओच्या लहरी तर खाऱ्या पाण्यांत फार थोडें अंतर जातात. ध्वनि मात्र समुद्राच्या पाण्यांतून सेकंदास सुमारें १५०० मीटर या वेगानें दूरवर जातो. पूर्वीं तांडेल शिशाचा ओळंबा दोरीनें सोडून खोली पाही. आतां तेंच काम ध्वनीच्या पडसादावर होतें. तळ १० मीटर खोल असेल तर पडसाद सेकंदाच्या सुमारें पंचाहत्तराव्या भागांत परत येतो. बाजूस पाहणारा सोनार होडीमागें दोरानें ओढला जातो. तो दोन्ही अंगांस ध्वनि सोडतो. कठीण खडकावरून पडसाद जोरानें येतो, चिखलावरून मंद येतो, आणि उंचवट्याच्या मागें छाया पडते. या छायेच्या लांबीवरून उंचवट्याची उंची गणितानें काढतां येते. तळाखालचे थर दाखविणाऱ्या यंत्राचा ध्वनि कमी कंपनसंख्येचा असल्यामुळें गाळांतही शिरतो. चुंबकमापक तोफा, नांगर इत्यादि लोखंडी वस्तूंची चाहूल देतो. शेवटीं पाणबुड्या किंवा दुरून चालविण्याचें कॅमेऱ्याचें वाहन खालीं उतरून जें आढळलें तें प्रत्यक्ष पाहतें.

आतां विजयदुर्गचें उदाहरण घेऊं. किल्ल्याजवळ समुद्रांत ८ ते १० मीटर खोलीवर जांभ्या दगडाची एक भिंत असून ती सुमारें १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे, असें प्रसिद्ध झालें आहे. शत्रूचीं जहाजें आदळून फुटावीं म्हणून ती मराठ्यांनीं बांधली, असा तर्क सांगितला जातो व लोकांस तो प्रियही आहे. पण यंत्रानें दिलें तें काय? लांबी, रुंदी, उंची व खोली. "मराठ्यांनीं" आणि "जहाजें फुटावीं म्हणून" हे शब्द यंत्राचे नव्हेत. ते अर्थ लावणाराचे आहेत.

येथें दोन शंका घेणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, या किनाऱ्यावर जांभा निसर्गतःच विपुल आहे व तो सरळ भेगांनीं फुटून चिऱ्यांसारखे तुकडे पडतात. तेव्हां छिन्नीच्या खुणा, सांध्यांची मांडणी, चुन्याचा अंश यांपैकीं कांहीं दिसल्यावांचून भिंत मनुष्यकृत ठरत नाहीं. दुसरी शंका काळाची. समुद्राची पातळी आजच्या जवळपास येऊन कांहीं सहस्र वर्षें लोटलीं आहेत. भिंत कोरड्या जमिनीवर उभारलेली असेल तर ती शिवकालाहून फारच प्राचीन ठरेल. शिवकालीन वा आंग्रेकालीन असेल तर दगड नौकांतून आणून पाण्यांत सोडलेले असले पाहिजेत. रचून बांधलेल्या भिंतीची व पाण्यांत टाकलेल्या दगडांच्या राशीची घडण भिन्न असते, आणि हा भेद पाणबुड्याच्या डोळ्यांसच नीट कळेल. शिवाय इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसनचें इंग्रज आरमार खाडीच्या मुखांत शिरून किल्ल्यासमोर उभें राहिलें, ही गोष्ट कागदोपत्रीं सिद्ध आहे. त्या आरमाराचा मार्ग व भिंतीची जागा एका नकाशावर मांडल्यावांचून भिंतीच्या उपयोगाविषयीं निश्चित विधान करणें घाईचें होईल.

याच प्रसंगांत तुळाजी आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गच्या बंदरांत जळालें. जळालेल्या नौकेचा वरचा भाग नाहींसा होतो; पाण्याखालचें बूड मात्र तळाशीं जाऊं शकतें. उघडें लाकूड समुद्रांतील कीड पोखरते, पण गाळाखालीं दडलेलें लाकूड दीर्घकाळ टिकतें. आणि वाघोटणची खाडी गाळ आणतेच. तेव्हां तळाखालचे थर पाहणाऱ्या यंत्रास याहून योग्य स्थळ क्वचितच मिळेल. मात्र चुंबकमापकावर येथें एकट्यानें भिस्त ठेवूं नये. जांभ्यांत लोहाचा अंश मोठा असतो व त्याखालचा काळा पाषाणही चुंबकीय असतो. त्यामुळें खडकच तोफेचा आभास उत्पन्न करण्याचा संभव आहे.

यंत्राची साक्ष व वस्तूची साक्ष यांचा मेळ कसा बसतो, हें शेजारच्या गोव्याच्या समुद्रांत दिसून आलें आहे. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) हिच्या संशोधकांनीं सुंची खडकाजवळ सतराव्या शतकांतील पोर्तुगीज व्यापाराचे अवशेष काढले. त्यांत तोफा, हस्तिदंत व पाणघोड्याचे दात होते. सेंट जॉर्ज खडकाजवळील बुडालेल्या जहाजांत कौलें व विटा सांपडल्या, व त्यांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचें नांव व १८६५ हें साल होतें. हें साल जहाज बुडाल्याचें नव्हे, मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचें. म्हणून जहाज त्यानंतर बुडालें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. ढिगाची जागा कितीही अचूक कळली तरी ढीग आपला काळ सांगत नाहीं. काळ मुद्रेनें सांगितला, आणि त्या मुद्रेचाही अर्थ जपून लावावा लागला.

खोल समुद्राच्या यंत्रांसही हाच क्रम लागू आहे. तीन माणसांस ६००० मीटर खोल नेण्यासाठीं चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनें रचलेल्या 'मत्स्य-६०००' या पाणवाहनाची परीक्षा १९२५ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२५ सालच्या आरंभीं, प्रथम कट्टुपल्ली बंदराच्या उथळ पाण्यांत झाली. त्या खोलीवर दाब हवेच्या दाबाच्या सुमारें ६०० पट असतो. तेथें झालेली चूक सुधारण्यास अवकाश नसतो. ज्ञात व उथळ जागीं पारखावें, मग अज्ञात व खोल जागीं न्यावें, हाच त्यांतला नियम.

आपल्या किनाऱ्यास या नियमाचा उपयोग उत्तम होईल. इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरांत कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्याच्या भोंवतीं खडकांची जी जाळी आहे, तींतील कांहीं खडक ओहोटीस उघडे पडतात व भरतीस बुडतात. ओहोटीस त्यांचीं मापें हातानें घ्यावीं, भरतीस तेच खडक सोनारानें मापावे, आणि दोहोंत अंतर किती पडतें तें नोंदवावें. एवढी नोंद हातीं असली म्हणजे विजयदुर्गच्या मापांवर किती विश्वास टाकावा हें कळेल. पुढें विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर असलेल्या आंग्रिया बँकेकडे वळतां येईल. तिचा माथा पाण्याखालीं सुमारें २० मीटर आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं समुद्र आजच्याहून १२० मीटरांच्या आसपास खालीं होता, तेव्हां तो माथा उघडा होता. तेथें ना बखर, ना पत्र. सर्व भार यंत्रावर. अशा स्थळीं कसोटीस न लागलेलें यंत्र नेणें म्हणजे अनोळखी साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर निकाल देण्यासारखें आहे.

या कामास विलंब लावूं नये, यास कारण आहे. मालवण-तारकर्लीच्या पाण्यांत हौशी पाणबुड्यांची वर्दळ वाढली आहे. नौदलानें सेवानिवृत्त केलेली 'गुलदार' ही नौका २०२५ सालीं राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या हवालीं झाली, व निवतीच्या खडकांजवळ ती बुडवून पाण्याखालचें संग्रहालय करण्याचा संकल्प जाहीर झाला. लोकांस समुद्रतळ पाहावयास मिळावा हें चांगलेंच आहे. पण लोखंडाची मोठी नौका जेथें बसेल, तेथें चुंबकमापकास जुन्या लोखंडाची चाहूल पुन्हां लागणें कठीण. आणि सिंधुदुर्ग व विजयदुर्ग येथें आढळलेल्या दगडी नांगरांसारखी वस्तु कोणी कुतूहलानें जागेवरून उचलली, कीं तिची साक्ष निम्मी नष्ट झाली. दप्तरांतील फाटका कागद पुन्हां जुळवितां येतो. समुद्रतळावरील हललेली वस्तु पूर्ववत् ठेवतां येत नाहीं. म्हणून या किनाऱ्याच्या तळाचा पारखलेल्या यंत्रांनीं काढलेला एक नकाशा आधीं व्हावा, आणि तो मराठी आरमाराच्या कागदांशेजारीं ठेवून वाचला जावा.