जुन्या मोटारीस पेट्रोल का पोहोचत नाही?

रत्नागिरीहून कोल्हापुरास जाताना साखरपा मागे पडले की आंबा घाटाची चढण लागते. या चढणीवर एखादी जुनी फियाट किंवा अँबॅसिडर इंजिनाचे झाकण उघडून कडेला उभी आहे, आणि आतील मंडळी दगडावर बसून वाट पाहत आहेत, हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांच्या वडिलांस व आजोबांस चांगले परिचयाचे असेल. गाडी का थांबली असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असे: “कार्बोरेटरमध्ये कचरा आला.” कधी कधी ते खरेही असे. परंतु बिचाऱ्या कार्बोरेटरच्या माथी जितके दोष मारले जातात, तितके त्याचे नसतात, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० व पुढे तिचेच रूप असलेली पद्मिनी या गाड्या तयार होत. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची निवृत्त झाली. तथापि हौसेने जपलेल्या अशा गाड्या आपल्याकडे अजून कोठे कोठे आढळतात. ज्यांच्या घरी अशी गाडी नाही त्यांनीही पुढील मजकूर वाचावा. कारण शास्त्राच्या पुस्तकातील हवेचा दाब हा धडा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्यास यासारखे साधन विरळा.

अलीकडच्या मोटारींत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बसविलेला असतो व तो पेट्रोल पुढे लोटतो. जुन्या गाडीची तऱ्हा निराळी. टाकी मागे, आणि पंप पुढे इंजिनाच्या अंगास. या पंपास आपले मेकॅनिक ‘एसी पंप’ म्हणतात. त्यात रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिनाच्या फिरत्या दांड्याने तो खालीवर होतो आणि टाकीपासून आलेल्या लांब नळीतून पेट्रोल घेऊन कार्बोरेटरकडे पाठवितो.

आता नीट लक्ष द्यावे. पंप पेट्रोल ओढतो असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः पंपास ओढता येत नाही. पडदा खाली जातो तेव्हा नळीतील दाब कमी होतो, इतकेच. टाकीतील पेट्रोलावर बाहेरची हवा दाबत असते. ती पेट्रोलास नळीत ढकलते. म्हणजे पेट्रोल पुढे आणण्याचे काम आपल्या भोवतालची हवाच करते. ही एक गोष्ट मनात पक्की झाली, म्हणजे ज्या तीन बिघाडांपायी कार्बोरेटर पुनःपुन्हा उघडले जातात, ते तिन्ही सहज उलगडतात.

पहिला बिघाड टाकीच्या श्वासाचा. पेट्रोल जसजसे खर्च होईल तसतशी त्याच्या जागी हवा आत गेली पाहिजे. त्यासाठी टाकीच्या झाकणास बारीक छिद्र किंवा माथ्यावर लहानशी नळी असते. हे छिद्र धुळीने भरले, अथवा उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले, की टाकीतील हवा विरळ होत जाते व ढकलणारा दाबच उरत नाही. गाडी पाच-दहा मैल सुरेख चालते, मग धापा टाकते व थांबते. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या पद्मिनीचा कार्बोरेटर या दुखण्यापायी दोनदा साफ झाला आणि तिसऱ्यांदा नवा बसविला गेला. दोष अखेर झाकणाच्या छिद्रात निघाला. परीक्षा फार सोपी आहे. गाडी थांबताक्षणी टाकीचे झाकण सैल करावे. आत हवा शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी चालू लागली, तर चोर सापडला.

दुसरा बिघाड अधिक फसवा. टाकी ते पंप या नळीत कोठेतरी रबराचा जोड चिरलेला असतो. तेथून पेट्रोल ठिबकेल अशी आपली अपेक्षा. परंतु चालत्या गाडीत त्या नळीतील दाब बाहेरच्या हवेहून कमी असल्यामुळे पेट्रोल बाहेर न येता हवाच आत शिरते. जमिनीवर थेंब नाही, वास नाही, आणि पंप मात्र पेट्रोलाऐवजी हवा गिळत बसतो. याच्या उलट, पंपाच्या पुढील नळीत दाब अधिक असतो. तेथील चीर लगेच ठिबकते, आणि ते थेंब तापलेल्या इंजिनावर पडणे हे मोठेच संकट होय. म्हणून मागच्या नळीचे जोड कोरडे दिसले तरी निर्दोष समजू नयेत; हाताने वाकवून पाहावेत, आणि रबरास भेगा दिसल्या तर बदलावेत.

तिसरा बिघाड आमच्या घाटांचा खास सोबती. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. त्यात अनेक द्रव मिसळलेले असतात, आणि त्यांतील हलके भाग उन्हाळ्यातील उष्णतेच्या थोडे वरच उकळू लागतात. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो, हेही तुम्ही शिकला आहात. आता वैशाखातील दुपार, गाडी भरलेली, दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढणारी, समोरून वारा नाही, आणि इंजिनाला चिकटलेल्या पंपात दाब कमी. पेट्रोलाची तेथेच वाफ होते. वाफ दबते व फुगते, पण पुढे सरकत नाही. पडदा खालीवर होत राहतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून अर्धा तास स्वस्थ बसत. पुष्कळांस हा भाबडा उपचार वाटतो. वास्तविक तो अगदी शास्त्रशुद्ध आहे. मात्र पाणी तापलेल्या इंजिनावर भसकन् ओतू नये. त्याने बीड तडकते.

इंजिन बंद पडले म्हणजे दोष पेट्रोलाचाच, असेही नाही; ठिणगीचाही असू शकतो. एकाएकी, जणू कोणी किल्ली फिरवली अशी गाडी थांबली, तर बहुधा विजेकडे पाहावे. गचके खात, ओढ कमी होत होत थांबली, तर पेट्रोलाकडे. प्लग काढून पाहिला असता तो कोरडा व पांढुरका असेल तर इंजिन उपाशी आहे. ओला व काळा असेल तर त्यास अति मिळत आहे, म्हणजे कार्बोरेटरातील तरंगत्या गोळ्याची सुई नीट बसत नाही.

पेट्रोल मुळीच पोहोचत नसेल, तर वाटेच्या मध्यावर पाहणे हीच शहाणपणाची रीत. कार्बोरेटरशी जोडलेली नळी सोडून तिचे तोंड बाटलीत धरावे, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार काढावी, आणि इंजिन फिरवावे. बाटलीत जोरदार पिचकाऱ्या पडल्या, तर टाकी, नळी व पंप निर्दोष. आता कार्बोरेटर खुशाल उघडावा. पिचकारी पडली नाही, तर दोष मागे आहे. मग पंपास स्वतंत्र लहान नळीने स्वच्छ पेट्रोलाच्या डब्याशी जोडावे. आता पंप चालला, तर दोष टाकीकडच्या बाजूस. तरीही न चालला, तर पंपच आजारी. पडदा फाटल्यास पेट्रोल झिरपून इंजिनाच्या तेलात जाते. तेल मोजण्याची सळई काढून हुंगावी. पेट्रोलाचा वास आला अथवा तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी मुळीच चालवू नये. पातळ झालेले तेल इंजिन खाऊन टाकते.

हे प्रयोग मुलांनी स्वतः करावयाचे नाहीत. जाणत्या माणसाने उघड्यावर, थंड इंजिनावर करावेत आणि मुलांनी दूर उभे राहून पाहावे. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीवरून सरपटत दूरच्या विडीपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते. पेट्रोलाच्या आगीवर पाणी टाकले तर पेट्रोल त्यावर तरंगून आग पसरवते. यासाठी वाळूची बादली जवळ हवी. आणखी एक वाईट खोड म्हणजे नळी तोंडात धरून पेट्रोल खेचणे. एवढासा घोट श्वासनलिकेत उतरला तरी फुप्फुसे सुजतात व जिवावर बेतते. असे कोणाचे झालेच, तर त्यास ओकवू नये. तत्काळ दवाखान्यात न्यावे.

कार्बोरेटरविषयी थोडेच सांगतो. एक लिटर पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. हे प्रमाण साधण्यासाठी त्यातील जेटची छिद्रे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेली असतात. अशा छिद्रात तार किंवा टाचणी खुपसणारा मेकॅनिक पाहिला की आम्हांस घड्याळात सुतळी घालणाऱ्याची आठवण होते. जेट हवेच्या झोताने साफ करावा.

अलीकडे या जुन्या गाड्यांपुढे एक नवीन प्रश्न आला आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्या देशात २०२३ च्या फेब्रुवारीपासून विक्रीस आले. जुन्या काळच्या कित्येक रबरी नळ्या व पंपाचे पडदे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सुटून गाळणीत येतो. शिवाय इथेनॉल पाण्याचा लोभी. आमच्या कोकणच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर दमट हवेतील पाणी ते शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलास सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. आणि पंपाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड नेमके तळाशीच असते. म्हणून गाडी पावसाळाभर उभी करावयाची असेल तर आधीच टाकी रिकामी करवून ते पेट्रोल दुसऱ्या वाहनात वापरावे. नवी नळी व पडदा घेताना ते इथेनॉलास टिकणारे आहेत असे त्यांवर छापलेले आहे की नाही, हे दुकानातच वाचून पाहावे. दुकानदार “सगळे सारखेच” म्हणाला तरी.