बदली खेळाडू: बेसबॉल-सॉफ्टबॉलमधले गैरसमज

रंगात आलेला पिचर अचानक बाहेर जातो, बेसवर पळायला भलताच कोणी येतो. नवख्या प्रेक्षकाला वाटते, संघाची घडी विस्कटली. प्रत्यक्षात मॅनेजरची खरी कसोटी इथेच लागते.

गैरसमज: दमला की बाहेर, ताजातवाना झाला की पुन्हा आत.
वस्तुस्थिती: अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. सातव्या इनिंगमध्ये राखीव फलंदाज वापरला, तर नवव्या इनिंगला तो हाताशी नसतो. म्हणून प्रत्येक बदल जपून करावा लागतो.

गैरसमज: एकाच कामापुरता येणारा खेळाडू कच्चा असतो.
वस्तुस्थिती: 2004 मध्ये बॉस्टन रेड सॉक्स यँकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 ने मागे होते. चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये डेव्ह रॉबर्ट्स फक्त पळण्यासाठी उतरला. त्याने दुसरा बेस चोरला, पुढच्या फटक्यावर बरोबरीची धाव केली. रेड सॉक्सने तो सामना, ती मालिका आणि नंतर 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीजही जिंकली.

गैरसमज: पिचर बदलला म्हणजे त्याची धुलाई झाली.
वस्तुस्थिती: डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर सहसा जड जातो, म्हणून समोरचा फलंदाज पाहूनही पिचर बदलतात. मात्र 2020 पासून नव्या पिचरला किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे लागते किंवा अर्धी इनिंग संपवावी लागते. दुखापत वा आजारपण याला अपवाद.

गैरसमज: डेझिग्नेटेड हिटर आल्यावर पिचरने बॅट धरायचीच नाही.
वस्तुस्थिती: पिचरऐवजी फलंदाजी करणाऱ्या या खेळाडूचा नियम अमेरिकन लीगने 1973 मध्ये आणला, नॅशनल लीगमध्ये तो 2022 पासून कायम झाला. त्याच वर्षीपासून सुरुवातीचा पिचर स्वतःच हिटरही असू शकतो आणि पिचिंग थांबवल्यावरही फलंदाजी चालू ठेवू शकतो. शोहेई ओतानी हे त्याचे ठळक उदाहरण.

गैरसमज: सॉफ्टबॉलमध्येही बदलीचे नियम हेच.
वस्तुस्थिती: सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातील खेळाडू एकदा बाहेर जाऊन परतू शकतो, पण फलंदाजीच्या क्रमात आपल्याच जागी. तिथे ‘डेझिग्नेटेड प्लेअर’ हा ‘फ्लेक्स’ खेळाडूच्या वतीने फलंदाजी करतो. गरज पडल्यास तो क्षेत्ररक्षणालाही उतरू शकतो. त्यामुळे डाव मांडायला जास्त वाव मिळतो.

सामना पाहताना धावफलकाइतकेच लक्ष राखीव खेळाडूंवर ठेवावे. कोण वापरून झाला आणि कोण शिल्लक आहे हे कळले, की मॅनेजरने आत्ता हात का आखडता घेतला तेही उमगते.