रंगाचे नाव आणि रंगाचा अंक
वेशभूषेच्या सचित्र पानांविषयी एक टिपण

नियतकालिकांत वेशभूषेची सचित्र पाने रचताना अलीकडे एक संमिश्र पद्धती रूढ झाली आहे. आकृती हाताने रेखाटावयाची आणि रंग संगणकावर भरावयाचा. ही पद्धती चित्रकाराच्या सोयीची आहे, यात संशय नाही. तथापि मराठीत वस्त्राच्या रंगाला जे नाव असते आणि संगणकात त्याच रंगाला जो अंक मिळतो, ती दोन्ही एकाच गोष्टीचा निर्देश करतात काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारावयास हवा. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार केला आहे.

रेषा व रंग यांची फारकत मुळात नवी नाही. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे पुणे जिल्ह्यातील मळवली येथे हलविण्यात आला. तेथील शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. १९३० साली सुरू झालेले ‘स्त्री’ मासिक किंवा दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली काढलेला ‘दीपावली’ अंक यांच्या काळी रंगीत चित्र पिवळा, तांबडा, निळा व काळा अशा ठशांत विभागून छापले जाई. आजचा संगणकही रंगांचे असेच थर ठेवतो. भेद इतकाच की, पूर्वी विभागणीचे काम छापखान्यात होई. आज त्याचा पुष्कळसा भाग चित्रकाराच्याच हाती आला आहे.

प्रथम रेषेचे कार्य पाहू. समोरासमोरील दोन पाने एकच चित्र मानून नऊवारी नेसलेली आकृती काढावयाची आहे, असे समजा. चेहरा व काष्टा मधल्या घडीत जाऊ नयेत, ही पहिली दक्षता. त्यानंतर वस्त्राचे वजन रेषेने सांगावयाचे असते. जरीच्या भारी पदराच्या घड्या थोड्या, रुंद व कोनदार पडतात. तलम सुती लुगड्याच्या निऱ्या दाट व मऊ पडतात. शाईचे हे रेखाटन संगणकात घेऊन सर्वांत वरच्या थरावर ठेवतात व त्याखाली रंग भरतात.

येथे अंकाचा प्रवेश होतो. पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या ० ते २५५ अशा मात्रांनी ठरतो. त्यांतून १,६७,७७,२१६ रंग संभवतात. एवढ्या संपत्तीतही ‘धूपछाव’ मात्र सापडत नाही. कारण तो एक रंग नव्हेच. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे वस्त्र हलले की रंग पालटतो. पैठणीत हा प्रकार प्रसिद्धच आहे. शब्दही हिंदीतून आलेला द्वंद्व समास आहे. ऊन आणि सावली ही त्याची दोन पदे, वस्त्राचेही धागे दोन. आता तांबड्याचा अंक २००, ०, ० व हिरव्याचा ०, १२०, ० धरून त्यांची सरासरी काढली, तर १००, ६०, ० येते. ही केवळ तपकिरी छटा होय. अंक बरोबर, परंतु वस्त्र नाहीसे झाले.

उपाय रेषेतच आहे. दोन धाग्यांचे रंग दोन थरांवर स्वतंत्र ठेवावेत. घडीच्या उंचवट्यावर एक व खोलगट भागात दुसरा दिसू द्यावा. रंग कोठे पालटावा हे हाताने काढलेली घडी ठरविते. म्हणजे अंकाने जे गाळले ते रेषेने भरून काढावयाचे.

१९६९ साली ब्रेंट बर्लिन व पॉल के यांनी मूलभूत रंगनामांचा जो विचार मांडला, त्यात वस्तूवरून आलेली नावे शंकास्पद मानली आहेत. त्या कसोटीने डाळिंबी, अंजिरी, अबोली, मोरपंखी ही नावे दुय्यम ठरतील. परंतु वस्त्राच्या व्यवहारात नेमकेपणा याच नावांत आहे. ‘चंद्रकळा’ हे तर आणखी निराळे उदाहरण. नावात चंद्र, पण लुगडे काळे. केवळ शब्दार्थावर विसंबणारा चित्रकार तेथे रुपेरी रंग भरून मोकळा होईल.

शेवटचा टप्पा छपाईचा. उजळ मोरपंखी किंवा राणी रंग पडद्यावर जितका झळाळतो, तितका चार शायांत उतरत नाही. यास्तव छापील नमुना पडद्याशी नव्हे, तर प्रत्यक्ष कापडाच्या तुकड्याशी, दिवसाच्या उजेडात ताडून पाहावा. आणि चित्राखालील रंगनाम कापड पाहूनच ठरवावे.

हा आग्रह केवळ चित्राच्या शोभेसाठी नाही. ज्यांच्या घरी ही वस्त्रे आता नेसली जात नाहीत, अशा वाचकांना हे शब्द प्रथम छापील पानावरच भेटतात. तेथे ‘धूपछाव’ या शब्दाखाली सपाट तपकिरी रंग दिसला, तर वाचक शब्द लक्षात ठेवील, पण त्याचा अर्थ चुकीचा शिकेल. शब्द कोशात राहूनही व्यवहारातून जातो, तो बहुधा अशाच मार्गाने.