बेअरिंगमध्ये दम नाही?

जुन्या ट्रॅक्टरचा मागचा एक्सल दोन हंगामांत पुन्हा उघडावा लागला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आजकालच्या बेअरिंगमध्ये दम नाही. कंपनीने बसवलेले पंचवीस वर्षे चालले.’ पानिपतला जी. टी. रोडलगतच्या वर्कशॉपांत ते हिंदीत ऐकू येते, सांगली-बारामतीकडे मराठीत. पानिपतच्या आसपास ते जास्त कानी पडते, कारण जुनी यंत्रे तिथे अजून रोजच्या कामात आहेत. पिंजोरचे एचएमटी आणि फरिदाबादचे एस्कॉर्ट्स व फोर्ड ही तर हरियाणातलीच पैदास, आणि त्यांच्या जोडीला मॅसी १०३५ व महिंद्र बी-२७५.

या वाक्यातली तुलनाच चुकीची आहे. पहिले बेअरिंग नव्या शाफ्टवर, प्रेसने, स्वच्छ जागेत, नव्या ऑइल सीलसह बसले होते. दुसरे बसते ते पंचवीस वर्षे झिजलेल्या शाफ्टवर, हातोड्याने, अंगणातल्या धुळीत. तुलना पोलादाची नसून परिस्थितीची आहे. पोलादाचेच पाहायचे तर ते सुधारले आहे. निर्वात प्रक्रियेने वायू काढून टाकण्याची पद्धत रुळल्यापासून बेअरिंगच्या पोलादातला प्राणवायू बराच घटला. त्यामुळे थकव्याचे तडे जिथून सुरू होतात ते ऑक्साइडचे सूक्ष्म कणही कमी झाले. नकली माल बाजारात असतो, हे मात्र खरे. त्याविरुद्ध जगातल्या बेअरिंग उत्पादकांची संघटना मोहीमही चालवते. पण प्रत्येक अपयश नकली मालावर ढकलणे सोयीचे असले तरी खरे नाही. एसकेएफ या स्वीडिश कंपनीच्या मार्गदर्शिकेनुसार निकामी होणाऱ्या बेअरिंगांपैकी साधारण एक तृतीयांश थकव्याने जातात, एक तृतीयांश वंगणाच्या दोषाने, एक षष्ठांश घाण शिरल्याने, आणि उरलेली चुकीची हाताळणी व बसवणी यांसारख्या कारणांनी.

कारण शोधायचे तर काढलेले बेअरिंगच साक्ष देते. पण ते भंगारात टाकण्याची घाई असते. आतल्या रिंगचे भोक आतून चकचकीत किंवा तपकिरी भुकटीने माखलेले असेल, तर रिंग शाफ्टवर घसरत होती. धावपट्टीवर रोलरांच्या अंतराइतक्या अंतरावर खाचा असतील, तर हातोडा रोलरांमार्फत बसला आहे. त्याच अंतरावर गंजाचे डाग म्हणजे पाणी शिरलेला ट्रॅक्टर उभा राहिला होता. सगळा पृष्ठभाग मंद राखाडी झाला असेल तर वाळू, आणि निळसर छटा असेल तर उष्णता. दम नसलेल्या पोलादाची अशी वेगळी खूण सहसा सापडत नाही.

जुन्या एक्सलातला एक मोठा गुन्हेगार म्हणजे झिजलेली बैठक. एक्सल फिरतो आणि ट्रॅक्टरचा भार मात्र एकाच दिशेने राहतो. म्हणून आतली रिंग शाफ्टवर दाबूनच बसावी लागते. पन्नास मिलिमीटरच्या शाफ्टवर हा दाब जेमतेम एक-दोन शतांश मिलिमीटरचा असतो, केसाच्या जाडीहूनही बराच कमी. तेवढा दाब गेला की रिंग सरकू लागते, शाफ्ट खाते, आणि पुढचे बेअरिंग आणखी सैल बसते. यावर ठिकठिकाणी चालणारा इलाज म्हणजे सेंटर पंच. शाफ्टवर चहूकडे ठिपके ठोकायचे आणि बेअरिंग ‘घट्ट’ बसल्याचे समाधान मानायचे. प्रत्येक ठिपक्याभोवती धातूची बारीक कड वर येते आणि रिंग फक्त त्या कडांवर टेकते. चार दिवसांच्या नांगरटीत कडा चपट्या होतात आणि सैलपणा जिथल्या तिथे येतो. शिवाय रिंगला आतून एकसारखा आधार नसल्याने भार थोड्या जागांवर एकवटतो आणि धावपट्टी तिथेच सोलपटते. मग दोष अर्थातच बेअरिंगचा!

वेल्डिंगने भर चढवून लेथवर उतरवणे त्याहून धोक्याचे. एक्सल उष्णता-संस्कार केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डच्या कडेला त्याची रचना बदलते आणि नेमक्या वाकण्याच्या ताणाच्या जागी तडा सुरू होतो. झीज अगदी थोडी असेल तर रिटेनिंग कंपाउंड चालते. जास्त असेल तर शाफ्ट बदलावा, आणि हाउसिंगचे भोक झिजले असेल तर ते बोअर करून बुश बसवावे. बेअरिंग धरून ठेवणारी जुनी कॉलर गॅस कटरने कापताना शाफ्टला लागलेली खाचही पुढे तुटण्याचे निमित्त होते.

बसवणीत दुसरा घोळ उष्णतेचा. बेअरिंग शाफ्टपेक्षा ८०-९० अंश सेल्सिअस जास्त गरम केले की पन्नास मिलिमीटरचे भोक सुमारे पाच शतांश मिलिमीटरने मोठे होते आणि हाताने सरकते. तेवढ्यासाठी तेलाचे गरम भांडे किंवा इंडक्शन हीटर पुरतो. सामान्य बेअरिंग १२५ अंशांच्या वर नेऊ नये, असे उत्पादकच सांगतात. गॅसची ज्योत मारून निळे केलेले बेअरिंग नवे असूनही मऊ झालेले असते.

तिसरा घोळ शिमांचा, म्हणजे पातळ चकत्यांचा. ‘शिम कमी केले की बेअरिंग कसून बसते आणि जास्त टिकते’ असे मानून टेपर बेअरिंग आवळले जाते. काही रचनांत थोडा मोकळेपणा ठेवायचा असतो, काहींत ठरावीक ताण. किती, ते त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेले असते आणि डायल गेजने मोजायचे असते. हाताने हलवून कळत नाही. गरजेपेक्षा जास्त आवळलेले टेपर तापते, तापले की फुगते, फुगले की आणखी आवळते. फर्ग्युसन घराण्याच्या जुन्या रचनेत दोन्ही एक्सलांची आतली टोके मधोमध एकमेकांना टेकतात. तिथे एका बाजूचा शिम काढला की फरक दुसऱ्या बाजूलाही पडतो.

पानिपतला या सगळ्यावर चिखलाची भर पडते. हरियाणाच्या २००९ च्या भूजल संरक्षण कायद्यानुसार १५ जूनपूर्वी भाताची लावणी करता येत नाही. त्यामुळे त्या सुमारास जवळजवळ सगळे ट्रॅक्टर एकदमच ‘कद्दू’ला, म्हणजे आपल्या चिखलणीला, उतरतात. दुपारी तापलेले एक्सल हाउसिंग थंड पाण्यात बुडते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करण्याचे छिद्र, तुंबलेला असेल तर ती पोकळी सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. पाण्यासोबत यमुनेच्या गाळातली बारीक वाळू येते. क्वार्ट्झचा कण बेअरिंगच्या पोलादाहून कठीण, आणि रोलर-धावपट्टीमधला तेलाचा थर एखाद्या मायक्रॉनचा. एवढे थोडे पाणी काय करणार, असे वाटत असेल तर टिमकेन कंपनीतल्या कँटली यांच्या १९७७ मधल्या टेपर बेअरिंगवरच्या चाचण्या पाहाव्यात. तेलातले पाणी दशलक्षात १०० भागांवरून ४०० वर गेले तेव्हा आयुष्य निम्म्याहून खाली आले. ४०० भाग म्हणजे दहा लिटर तेलात चार मिलिलिटर, चहाचा एक चमचाही नाही. सील गळते तेव्हा ‘सील खराब निघाले’ म्हणून ते वारंवार बदलले जाते. बेअरिंग सैल होऊन शाफ्ट डुलत असेल किंवा सीलच्या जागी शाफ्टला खोबण पडली असेल, तर महागातले महाग सीलही टिकत नाही.

भाराचा हिशेबही बहुतेकांच्या अंदाजाबाहेरचा असतो. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मे होत नाही, सुमारे दहावा भाग उरते. पानिपतजवळच्या डाहरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या, पुढचे टोक हुकवर रेलून भरलेल्या उसाच्या ट्रॉलीला हेच गणित लागू पडते.

किरकोळ समज थोडक्यात. टायरमध्ये भरलेल्या पाण्याने एक्सलच्या बेअरिंगवर वजन येत नाही. ते वजन टायरमधून थेट जमिनीवर जाते. जाड तेल घातल्याने घरघर दबते, झीज थांबत नाही, आणि तेच तेल हायड्रॉलिकला पुरवले जात असेल तर पंपाचे हाल होतात. ग्रीस जितके जास्त तितके बरे, हेही खोटे. जादा ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून बाहेर येते. टेपर बेअरिंगचा कोन (आतला भाग) नवा आणि कप (बाहेरची रिंग) जुना, ही बचत नव्हे. ‘सी-३’ हा दर्जा नव्हे, आतल्या मोकळेपणाचे माप आहे. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायला केंद्राने २०१६ मध्ये मंजुरी दिली, म्हणून त्या ट्रॅक्टरांची बेअरिंग संपली असेही नाही. बेअरिंगची मापे बहुतांशी आंतरराष्ट्रीय प्रमाणांनुसार असतात. ३०२१० म्हटले की भोक ५० मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास ९०, मग बनवणारा कोणीही असो. ३२२१० चेही भोक आणि व्यास तेच, पण रुंदी तीन मिलिमीटर जास्त. म्हणून आकडा पूर्ण वाचावा.

एक्सल उघडल्यावर निघालेले बेअरिंग दुकानात सोडून येऊ नये. रॉकेलने धुऊन, उजेडात धरून, भोक आणि धावपट्टी पाहावी, आणि शाफ्टला मायक्रोमीटर लावल्याशिवाय नव्याचा खोका फोडू देऊ नये.