संक्रांतीचे वाण आणि कच्चे मडके

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाचे समारंभ चालतात. संक्रांतीच्या पूजेत मान असतो तो मातीच्या सुगडांचा. 'सुघट', म्हणजे चांगला घट, या संस्कृत शब्दाचेच हे रूप मानतात. पूजेला माती आणि वाणाला मात्र प्लॅस्टिकचा डबा, ही विसंगती काही वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंच्या मनाला लागली. कुंकू, जोडवी, कुड्या ठेवण्याजोग्या चिमुकल्या मातीच्या वाट्या घरीच करून लुटाव्यात, असे त्यांनी ठरविले. आम्हांसही ते मनापासून रुचले.

ओढ्याकाठची चिकणमाती दोन दिवस भिजवून फडक्यातून गाळली. पाणी निथळल्यावर तीत थोडी चाळलेली राख घालून कणकेसारखी मळली. लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्यावा, अंगठ्याने मध्ये दाबीत बोटांनी कड उचलावी आणि ओल्या बोटाने काठ गुळगुळीत करावा. जाडी पाव इंचाहून अधिक नसावी. ओलेपणीच तळाशी तुळशीचे पान दाबून उचलले की शिरान् शिर उमटते. कडेवर गेरूने गोपद्मे रेखिली.

पहिल्या वाट्या उन्हात ठेविल्या. सायंकाळी निम्म्या तडकलेल्या! बाहेरचा भाग आधी वाळून आकसतो आणि आतली ओल तशीच राहते, म्हणून तडा जातो. दुसऱ्या खेपेस सावलीत, रोज उलटसुलट करीत, आठवडाभर वाळविल्या. त्या सुबक झाल्या आणि मोठ्या कौतुकाने लुटल्या गेल्या.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वहिनी ओंजळीत चिखल घेऊन दारी उभ्या! वाटी धुवायला घेतली ती हातातच विरघळली होती. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, "बुवा, सौभाग्याचे वाण माझ्या हातून मोडले. काही अशुभ तर नाही ना?"

आम्ही म्हणालो, "वहिनी, यात अशुभ काही नाही आणि दोष तुमचा तर नाहीच. आम्हीच तुम्हांला कच्चे मडके दिले."

हे शब्द मुखातून गेले आणि आम्हीच चपापलो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके ठोकून पाहिली. नामदेवांना ते रुचले नाही, आणि काकांनी 'हे मडके कच्चे' असा निर्वाळा दिला. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले. ही परंपरेने आलेली कथा आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात रंगवून सांगितली. परंतु कच्चे म्हणजे काय, हे वहिनींच्या ओंजळीतल्या चिखलाने प्रथम शिकविले.

उरलेल्या वाट्या घेऊन आम्ही कुंभारआळीत गेलो. तेथील वृद्ध कारागीर हसून म्हणाले, "बुवा, ऊन नुसतं पाणी काढतं. माती पक्की करतो तो जाळ." शास्त्रही हेच सांगते. वाळताना मिसळलेले पाणी जाते. मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी निघण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअसची धग लागते. त्यानंतर ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. घरच्या शेगडीचे हे काम नव्हे. त्यांनी आमच्या वाट्या आपल्या आव्यात ठेविल्या. बाहेर आल्या त्या तांबूस, घट्ट आणि खणखणीत.

तेव्हा माताभगिनींनो, वाट्या घरी अवश्य कराव्यात. मुलांचे हातही मातीत माखू द्यावेत. मात्र भाजण्यासाठी कुंभाराकडे जावे, त्यांच्या श्रमाचे मोल द्यावे आणि त्यांच्या घरातील सुवासिनीला पहिले वाण द्यावे. न भाजलेली वाटी द्यायचीच असेल, तर 'हिला पाणी लावू नका' असे सांगून द्यावी. देण्यापूर्वी कडेवर टिचकी मारून पाहावी. पक्की वाटी खणकन वाजते. कच्चीचा आवाज बद्द येतो.

शेजारच्या वहिनींना आम्ही पक्की वाटी पाण्याने धुऊन, त्यांच्यासमक्षच दिली. आजही ती त्यांच्या देव्हाऱ्यात कुंकवाने भरलेली असते.