अर्धवट ओळखीचे वाक्प्रचार

‘यू आर पुलिंग माय लेग’ म्हणणारा इंग्रज चिडलेला नसतो. तू माझी फिरकी घेतोयस, एवढंच त्याला म्हणायचं असतं. धाराशिवच्या पोराला मात्र आधी आपलं पाय ओढणं आठवतं, आणि ते काही थट्टेचं काम नाही! उलट ‘किक द बकेट’ला सहसा कुणी फसत नाही. बादलीला लाथ मारण्याचा मरणाशी संबंधच लागत नाही, म्हणून पोरगं निमूट अर्थ विचारतं.

सुझॅन इरुजो यांच्या 1986 च्या अभ्यासात असंच काहीसं दिसलं. इंग्रजी चांगलं येणाऱ्या स्पॅनिश भाषकांना दोन्हीकडे सारखे असलेले वाक्प्रचार सर्वांत सोपे गेले. (‘डोळ्यांत धूळ फेकणं’ इंग्रजीतही जसंच्या तसं आहे.) थोडेफार जुळणारे समजले खरे, पण वापरताना मातृभाषा मध्ये घुसली ती त्यांतच जास्त.

परक्या भाषेत शिकणं धाराशिव जिल्ह्याला नवं नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाची राजवट, सरकारदरबारी उर्दू. हैदराबादेत 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. पण उर्दूचे वाक्प्रचार मराठी माणसाला फारसे अडले नसावेत. हात धुऊन मागं लागणं, नाक कापलं जाणं, तोंडाला पाणी सुटणं, दोन्हीकडे तेच! एकाच बाजारात पिढ्यान् पिढ्या वावरलेल्या भाषा या. इंग्रजीशी आपली एवढी सोयरीक नाही. कोरियनशी तर नाहीच. तिथं ज्याच्या ओळखी दांडग्या, त्याचा ‘पाय रुंद’.

मातृभाषेतला वाक्प्रचार मेंदू सुटा करत बसत नाही, अख्खा उचलतो. पोहरा कधी न पाहिलेलं, बोअरच्या पाण्यावर वाढलेलं पोरगंही ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून’ बरोबर जागी टाकतं. वाचताना डोळे कुठं किती थांबतात, हे मोजणारा एक प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी वाक्प्रचार साध्या शब्दसमूहापेक्षा झरझर वाचले. इंग्रजी नंतर शिकलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. लाक्षणिक अर्थापाशी तर ते रेंगाळले.

यावर फ्रँक बोअर्स या भाषाशिक्षण-संशोधकाचा उपाय मला पटतो: नुसता अर्थ देऊ नका, वाक्प्रचार आला कुठून तेही सांगा. ‘शो द रोप्स’ म्हणजे नवख्याला कामाची माहिती देणं. शिडाच्या जहाजावर कोणत्या दोराला कोणतं शीड, हे नव्या खलाशाला आधी दाखवावं लागे. एवढं कळलं की समुद्रापासून दूर तुळजापुरातही ते घोकावं लागत नाही.