लघवीत पस सेल्स वाढल्या म्हणजे नेमके काय?

लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स 10-12’ असे ठळक अक्षरांत छापून आले की बरेच जण थेट मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात. तसे करू नका.

पस सेल्स म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी. सूक्ष्मदर्शकातून पाहताना एका वेळी 0 ते 5 पेशी दिसणे सामान्य मानले जाते. त्याहून जास्त असतील तर मूत्रमार्गात कुठेतरी दाह असावा, एवढेच कळते. जंतुसंसर्ग आहेच, असे त्यावरून ठरत नाही.

आधी नमुना कसा दिला ते आठवा. अंगावरून पांढरे जात असेल तर त्या पेशी लघवीत मिसळतात. रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्सही भरपूर असतील तर तपासणी पुन्हा केलेली बरी. जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी डबीत घ्या आणि तासाभरात लॅबमध्ये द्या. सकाळी भरलेली डबी दुपारी देण्यात अर्थ नाही.

जळजळ होत असेल, वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर मात्र संसर्गाची शक्यता मोठी. अशा वेळी डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल तर गोळी सुरू करण्याआधी नमुना द्या. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध लागू पडेल ते कळते.

कधी पस सेल्स भरपूर आणि कल्चरमध्ये जंतूच नाहीत, असेही होते. आधी घेतलेल्या गोळ्या, मुतखडा, लैंगिक संबंधातून होणारे काही संसर्ग ही त्याची कारणे. आणखी एक कारण आपल्याकडे विसरून चालणार नाही: मूत्रपिंडाचा टीबी. त्याचे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होऊनही जळजळ जात नाही, लघवीतून रक्त जाते, वजन उतरते, असे असेल तर टीबीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

घरातल्या वयस्कर आजींना काहीही त्रास नसेल, तर केवळ रिपोर्टमधल्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. (नातेवाइकांना हे पटवताना माझा बराच वेळ जातो.) गरोदरपणात मात्र कल्चरमध्ये जंतू आढळले, तर त्रास नसला तरी उपचार घ्यावेच लागतात.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या, लघवी कमी होणे यांपैकी काही असेल तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रुग्णाला मधुमेह असेल तर रात्र काढू नका.